मॅनेजर ट्रेनीची नोकरी शोधताय? ठाण्याच्या नौपाड्यातल्या या प्लेसमेंट ऑफिसचा माझा अनुभव

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कशाला कापला ते खाली आहेच, पण ज्यांना घाई आहे त्यांना एका ओळीत सांगते, मॅनेजर किंवा मॅनेजर ट्रेनी म्हणून नोकरी शोधत असाल आणि नक्की कुठल्या लाइनमध्ये जायचं तेच कळत नसेल तर इथे जा, पैसे घेत नाहीत आणि खरं बोलतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी सगळं वाचा, मोठं लिहिलंय, कारण माझे सात महिने आणि बरेच पैसे ट्रेन-रिक्षात गेलेत आणि ते दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

मी कळव्याला राहते, बीकॉम झालंय, आणि पाच वर्षं ठाण्यातल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात फ्लोअरवर काम केलं. सेल्स असोसिएट म्हणून लागले आणि पाच वर्षांनी पण सेल्स असोसिएटच. काम मात्र सगळं माझ्याकडे, नवीन मुलींना शिकवायचं, वीकली ऑफचं रोटेशन लावायचं, रात्री कॅश टॅली करायची, शटर खाली येईपर्यंत थांबायचं. असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी झाली की बाहेरून कोणीतरी यायचं आणि त्याला आठवडाभर दुकान समजावून सांगायचं काम पण माझंच. दुसऱ्यांदा असं झालं त्या रात्री घरी येऊन आईला म्हटलं, आता मी बाहेर बघते.

बघणं सुरू केलं तर पहिली चूक हीच झाली की मी सगळीकडे "मॅनेजर ट्रेनी" एवढंच टाकून शोधत होते. नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, अपना, सगळीकडे प्रोफाइल केलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन जो वाजायला लागला तो थांबेचना, पण दहातले आठ फोन सेल्सचे. मोबाइलवर मॅनेजर लिहिलेलं आणि बोलायला लागलं की क्रेडिट कार्ड, लोन, पॉलिसी. एका ठिकाणी रिलेशनशिप मॅनेजर होतं, एका ठिकाणी एजन्सी मॅनेजर, तिथे इंटरव्ह्यूला गेले तर कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हणाले ओळखीतल्या दोनशे लोकांची नावं लिहा, नातेवाईक, शेजारी, शाळेतले मित्र. ते काम वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही, ज्यांना जमतं ते उत्तम कमावतात, पण तो इन्शुरन्स एजंट जमवायचा आणि पॉलिसी विकायचा जॉब आहे, माणसं आणि काम चालवायचा नाही, आणि हे जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्याहून वाईट नवी मुंबईतलं ते दुसरं. व्हॉट्सअपवर आलं होतं, मॅनेजमेंट ट्रेनी, फ्रेशर चालेल, सहा महिन्यांत स्वतःची ब्रांच. सकाळी साडेआठला बोलावलं, मोठ्याने गाणी लावलेली, सगळी मुलं गोल करून उभी, टाळ्या, आदल्या दिवशी ज्याने जास्त विकलं त्याने घंटा वाजवायची. मला बघायला म्हणून एका मुलाबरोबर कोपरखैरण्याला पाठवलं. जालन्याकडचा मुलगा, बावीसेक वर्षांचा, पाठीवर चाकूच्या सेटची बॅग, सोसायटी सोसायटी फिरायचं आणि बेल वाजवायची. मे महिना होता. दोन ठिकाणी वॉचमनने आत सोडलं नाही, तिसऱ्या ठिकाणच्या वॉचमन काकांनी आत सोडलं नाही पण स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि त्या मुलाला म्हणाले, अरे गेल्या महिन्यात पण तूच आला होतास ना, तेव्हाचा दुसरा कुठे गेला. तो काही बोलला नाही. साडेचार तासांत एक सेट गेला. घणसोलीला एका खोलीत चौघं राहतात म्हणाला, फिक्स पगार नाही, विकलं तर कमिशन, आणि मला सारखं सांगत होता, ताई, माझ्याखाली अजून दोन माणसं आली ना की मी लीडर, मग मॅनेजर. संध्याकाळी ऑफिसमध्ये अडीच हजार मागितले ट्रेनिंग मटेरियलचे, मी दिले नाहीत आणि निघाले, पण तो मुलगा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने पैसे भरले होते.

हे सगळं आई भिशीत बोलली असणार, कारण भिशीतल्या एका काकूंनीच या ऑफिसचा पत्ता दिला.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेर चार खुर्च्या, आत मॅडम, एक मुलगा कॉम्प्युटरवर आणि एक मुलगी फोनवर. मॅडम पन्नाशीच्या पुढच्या असतील, आधी बरीच वर्षं कंपन्यांच्या एचआरमध्ये होत्या. मी आत गेल्या गेल्या पर्स उघडून विचारलं, मॅडम रजिस्ट्रेशनचे किती. म्हणाल्या, "पर्स बंद कर आधी. पैसे कंपनी देते आम्हाला, उमेदवार नाही देत, आणि जो उमेदवाराकडे मागेल त्याच्याकडून उठून यायचं." नंतर समजावून सांगितलं की कन्सल्टंटची फी कंपनीकडून येते, बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, आणि माणूस ठरलेले महिने टिकला नाही तर एकतर दुसरा माणूस द्यावा लागतो नाहीतर फी परत करावी लागते. म्हणून मला चुकीच्या जागी ढकलून त्यांचं काहीच भलं नाही. हे इतकं सरळ मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

मग सीव्ही घेतला. पहिल्या चार ओळी, हार्डवर्किंग, ऑनेस्ट, टीम प्लेअर वगैरे, पेनाने काट मारली आणि प्रश्न सुरू. शिफ्टला किती माणसं असायची? क्लोजिंग महिन्यातून किती वेळा केलंस? दिवाळीच्या शनिवारी दुकानाचा धंदा किती व्हायचा? स्टॉक मोजला की फरक किती यायचा, आणि का यायचा? मला यातलं सगळं तोंडपाठ होतं, फक्त ते कुठे लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं. नवीन सीव्हीची पहिली ओळ अशी झाली, सात जणांची शिफ्ट, महिन्याला बारा क्लोजिंग, अकरा नवीन मुलींना ट्रेनिंग. वाचून मलाच वेगळं वाटलं, हे सगळं मीच केलंय आणि पाच वर्षं कागदावर कुठेच नव्हतं.

आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी तेव्हापासून प्रत्येक इंटरव्ह्यूला मनात धरून बसते. म्हणाल्या, "अगं, मॅनेजर हा शब्द मला सांगू नकोस. रात्री शटरची किल्ली कोणाच्या पर्समध्ये असते ते सांग." मी म्हटलं, असिस्टंट मॅनेजरच्या. "मग तुला ती किल्ली पाहिजे. आता आपण कुठल्या धंद्यात ती किल्ली किती दिवसांत हातात देतात ते बघू."

त्यांच्याकडे एक जाड फुलस्केप वही आहे, एकेका लाइनची दोन-दोन पानं. तासभर त्या वहीवरून बोलल्या, मी फोनमध्ये भराभर टाइप करत होते, त्यातलं जेवढं माझ्या कामाचं होतं ते इथे टाकते.

दुकानाची लाइन, म्हणजे रिटेल. इथे मॅनेजर ट्रेनी हे नाव सगळीकडे नसतं, कुठे डिपार्टमेंट मॅनेजर, कुठे असिस्टंट स्टोअर मॅनेजर, कुठे फ्लोअर मॅनेजर, त्यामुळे शोधताना हे सगळे शब्द वेगवेगळे टाकायचे. आणि एक्झिक्युटिव्ह वाचून हुरळायचं नाही, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक्झिक्युटिव्ह म्हणजे सगळ्यात खालची पायरी. सुरुवातीचे काही महिने माल लावणं, बिलिंग, गोडाऊन असं सगळं करून घेतात आणि मग स्टॉकचा फरक तुमच्या नावावर टाकतात, त्याला श्रिंकेज म्हणतात, म्हणजे चोरी, तुटफूट, चुकीचं बिलिंग सगळं मिळून जेवढा माल कागदावर आहे पण रॅकवर नाही तो. ज्या ट्रेनीला हा आकडा दाखवतात तो खरंच मॅनेजर होणार आहे, ज्याला दाखवत नाहीत तो फक्त जास्त तासांचा सेल्समन आहे, हे मॅडमचं वाक्य. शनिवार-रविवार सुट्टी विसरायची. आणि ठाणेकरांसाठी एक, डीमार्टचं कॉर्पोरेट ऑफिस आपल्याच वागळे इस्टेटमध्ये आहे, मी इतकी वर्षं त्या बाजूने जात होते आणि मला पत्ता नव्हता.

बर्गर-पिझ्झावाली लाइन. मला याबद्दल उगाच नाक मुरडायची सवय होती आणि ती इथे मोडली. तिथे ट्रेनी मॅनेजर म्हणून घेतलं तरी सुरुवात किचनमधूनच, तळायला उभं करतात, काउंटर करायला लावतात, लादी पुसायला लावतात, आणि मग शिफ्ट मॅनेजर, मग असिस्टंट, मग रेस्टॉरंट मॅनेजर. पण जबाबदारी सगळ्यात लवकर हातात पडते ती याच लाइनमध्ये, शिफ्ट मॅनेजर झालं की त्या आठ-नऊ तासांची कॅश, माणसं, वाया गेलेला माल, फ्रिज ५ डिग्रीच्या आत आहे की नाही, सगळं तुमच्या सहीने. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, नियमात दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक ट्रेनिंग घेतलेला फूड सेफ्टी सुपरवायझर लागतो, ते फॉस्टॅक नावाचं ट्रेनिंग बऱ्याचदा शिफ्ट मॅनेजरला करायला लावतात आणि ते सर्टिफिकेट पुढे दुसरीकडे जाताना उपयोगी पडतं. बारावी पास मुलं क्रू म्हणून लागून चार-पाच वर्षांत आउटलेट चालवताना मॅडमनी स्वतः बघितलीत.

वेअरहाऊस, म्हणजे भिवंडी, तळोजा, उरणकडे जेएनपीटीच्या आसपासचा पट्टा. इथे पद असतं शिफ्ट इनचार्ज किंवा ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह. आलेला माल उतरवून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करणं, रोज थोड्या थोड्या रॅकची मोजणी, गाड्या वेळेवर सोडणं. गेटपासवर सही कोणाची, ही तिथली किल्ली. एक्सेल पक्कं पाहिजे, नुसतं येतं म्हणून चालत नाही. पगार दुकानापेक्षा बरा वाटतो पण कंपनीची बस कुठपर्यंत आहे ते आधी विचारायचं, नाहीतर कल्याण नाक्यावरून आत जायलाच पगाराचा एक तुकडा जातो. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला चालू झालंय आणि आता कार्गो, दुकानं, ग्राउंड स्टाफ अशा जागांची नुसती चर्चा आहे, आणि त्या नावावर पैसे मागणारे पण तेवढेच आहेत. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, एअरपोर्टच्या नोकरीसाठी कोणालाही एक रुपया देऊ नका.

हॉस्पिटल. याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. फ्लोअर मॅनेजर किंवा ऑपरेशन्सचा ट्रेनी, तो डॉक्टर नसतो, पण बेड, अॅडमिशन, बिलिंग, टीपीए (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी), डिस्चार्ज हे सगळं त्याच्याकडे. सगळ्यात मोठी डोकेदुखी डिस्चार्जची, डॉक्टर सकाळी दहाला सांगून जातात आणि पेशंट संध्याकाळपर्यंत बसलेला असतो. २०२४ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे इन्शुरन्सवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम काढला की कॅशलेसमध्ये डिस्चार्जची मंजुरी इन्शुरन्स कंपनीने ३ तासांत द्यायची, पण कागद वेळेत पाठवणं हॉस्पिटलच्या हातात, आणि ते पाठवून घेणारा माणूस म्हणजे हा ट्रेनी. ज्याला रडणाऱ्या, चिडलेल्या नातेवाइकांशी शांतपणे बोलता येतं त्याने इथे जरूर बघावं. माझे बाबा २०१९ ला अॅडमिट होते तेव्हा एका मुलीने आम्हाला रात्री अकराला फाइल घेऊन स्वतः फिरून मदत केली होती, ती असंच काहीतरी काम करत असणार हे मला त्या दिवशी त्या खुर्चीत बसून कळलं.

बँक. मॅडम म्हणाल्या यात माझा काही संबंध नाही, स्टेट बँक सोडून बाकी सरकारी बँकांसाठी आयबीपीएस या संस्थेची परीक्षा, कुठलीही पदवी, वय २० ते ३०, राखीव वर्गाला सवलत, आणि जाहिरातीत पदाचं नावच प्रोबेशनरी ऑफिसर आणि मॅनेजमेंट ट्रेनी असं असतं. प्रिलिम्स, मेन्स, इंटरव्ह्यू. मधे कोणी कन्सल्टंट नसतो, मी लावून देतो म्हणणारा फसवतोय. तिजोरीच्या किल्ल्या तिथे एकाकडे नसतात, दोघांकडे असतात, एकट्याने उघडताच येत नाही. मी २८ ची आहे, अभ्यासाला वेळ काढता आला असता तर दिलीही असती, पण घरचा पगार बंद करून बसणं मला शक्य नव्हतं. हॉटेलं आणि कारखाने यांची पानं त्यांनी भराभर उलटली, मोठ्या हॉटेलांत हॉटेल मॅनेजमेंटची पदवी लागते आणि रबाळे-महापे-तुर्भेच्या कारखान्यांत ट्रेनी म्हणजे इंजिनिअर नाहीतर डिप्लोमावाले, बीकॉमला तिथे अकाउंट्स किंवा स्टोअर्स.

फुकटच्या सरकारी गोष्टी पण त्यांनीच सांगितल्या, यात त्यांना काही मिळत नाही तरी. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयम आहे, दोन्हीवर नोंदणीला पैसे लागत नाहीत आणि रोजगार मेळाव्याच्या तारखा तिथे येतात. ज्यांच्याकडे काहीच अनुभव नाही त्यांच्यासाठी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ला सुरू झाली, पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००. ती पक्की नोकरी नाही हे डोक्यात ठेवून करायची, सीव्हीवर पहिली ओळ यावी म्हणून.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने करावी अशी. ती चाकूवाली कंपनी सांगितल्यावर मॅडमनी कॉम्प्युटरवरच्या मुलाला सांगितलं, ईपीएफओची साइट उघड. तिथे एस्टॅब्लिशमेंट सर्च म्हणून आहे, कंपनीचं नाव टाकलं की ती पीएफला नोंदलेली आहे का, कुठल्या महिन्यात किती लोकांचा पीएफ भरला ते दिसतं, लॉगिन पण लागत नाही. त्या कंपनीचं नाव टाकलं, काहीच आलं नाही. दोन-तीन स्पेलिंग बदलून बघितली, नाहीच. मग माझ्या जुन्या दुकानाचं टाकलं तर सरळ महिन्यावार आकडे. दोन मिनिटांचं काम आहे हो. मी त्या मुलाबरोबर दिवसभर उन्हात फिरले आणि हे दोन मिनिटांचं काम मला माहीत नव्हतं.

तीन इंटरव्ह्यू लावून दिले. पहिल्या ठिकाणी दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले, मी बाहेर येऊन मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या ओरिजिनल दाखवायची, द्यायची नाही, आणि त्यांनी स्वतः त्या एचआरला फोन केला. ते ऐकले नाहीत, मी पण थांबले नाही. दुसरं पनवेलचं, ते खाली सांगते. तिसरं लागलं, नवी मुंबईतल्या एका मॉलमध्ये घरगुती सामानाचं मोठं दुकान, डिपार्टमेंट मॅनेजर ट्रेनी, सहा महिन्यांचं ट्रेनिंग.

ऑफर लेटर आल्यावर मी उड्या मारत होते, वर्षाचे ३,३६,००० म्हणजे महिन्याला २८,०००. मॅडमनी बोलावून घेतलं आणि समोर कागदावर मांडलं. त्यातले २,००० व्हेरिएबल, टार्गेट झालं तर. उरले २६,०००. बेसिक १५,०००, त्यावर कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ७२१, हे पण सीटीसीत, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चात, धरलेले. उरले २३,४७९. त्यातून माझा पीएफ १,८००. म्हणजे हातात २१,६७९. प्रोफेशनल टॅक्स नाही, कारण महाराष्ट्रात २०२३ पासून बायकांना महिना २५,००० पर्यंत तो माफ आहे. पहिली पगाराची स्लिप आली तेव्हा आकडा रुपयासकट तोच निघाला. आधी मला साडेसोळा मिळत होते, त्यामुळे मी खूशच आहे, पण अठ्ठावीस धरून घरी सांगितलं असतं तर काय झालं असतं.

आणि रात्रीचं. मॉल दहाला बंद होतो, क्लोजिंग करून निघायला पावणेअकरा-अकरा, मग ठाण्याची ट्रेन, मग कळवा. मॅडमनी इंटरव्ह्यूच्या आधीच सांगितलं होतं की राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची, जायच्या-यायच्या गाडीची सोय मालकाने करायची. "विचारायला लाजू नकोस, मॅनेजर व्हायला निघालीस, उद्या तुझ्या हाताखालच्या मुलींसाठी तुलाच विचारायचंय." मी विचारलं. क्लोजिंगच्या दिवशी कॅब मिळते, आणि माझ्याबरोबर दिव्याला राहणारी अजून एक मुलगी असते तिला पण मिळते, ती वर्षभर आहे तिथे आणि तिने कधी विचारलंच नव्हतं.

आता अर्धा स्टार. पनवेलच्या इंटरव्ह्यूला मी सुट्टी टाकून गेले, तिथे सांगितलं की जागा चार दिवसांपूर्वीच भरली. मॅडमनी दोनदा सॉरी म्हटलं, चूक त्यांच्या ऑफिसची होती, कंपनीचा मेल आला होता आणि कोणी वाचला नव्हता. माझा दिवसाचा पगार गेला. फोनवरची मुलगी तुटक बोलते, दुपारी एक ते तीन फोन उचलतच नाहीत. आयटीवाल्यांनी इथे येऊ नये, त्यांच्याकडे त्या कंपन्या नाहीत. आणि वहीवर एवढं सगळं आहे ते एखाद्या छापील कागदावर द्यावं, माझ्यामागे बसलेल्या मुलाला तासभर मिळाला नाही, वीस मिनिटांत उठवलं कारण गर्दी झाली होती. मला मिळालं ते त्याला पण मिळायला हवं होतं.

ट्रेनिंगचा चौथा महिना चालू आहे. गेल्या गुरुवारी आमच्या स्टोअर मॅनेजर सरांनी क्लोजिंगला मला पुढे केलं, माझ्या डिपार्टमेंटचा श्रिंकेजचा आकडा दाखवला, मग किल्ल्यांचा जुडगा हातात दिला आणि स्वतः दोन पावलं मागे उभे राहिले. सहा किल्ल्या, एकावर लाल टेप लावलेली, ती मागच्या दाराची. शटर जड आहे, एका बाजूने अडकतं, पाय लावून दाबायला लागतं. कॅबमध्ये बसल्यावर मॅडमना किल्ल्यांचा फोटो पाठवला, त्यांनी लगेच फोन केला आणि पहिलं विचारलं, घरी कशी जातेयस.

जाणाऱ्यांसाठी, दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही. रविवारी बंद. सकाळी साडेदहाला पोचा, बारानंतर गर्दी होते. सीव्हीची प्रिंट न्या, पेन ड्राइव्ह नको, आणि जायच्या आधी घरी बसून लिहून काढा की शिफ्टला किती माणसं होती, किती कॅश हाताळलीत, कोणाकोणाला शिकवलंत, मॅडम पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारतात.